प्रवासातल्या फोटोवरून भरतकाम: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी संपली की आणि पुन्हा दिवाळीनंतर, आमच्या पार्ल्यातल्या भरतकामाच्या वर्गात कोणी ना कोणी मोबाईल पुढे करते आणि विचारते, "हे भरता येईल का हो?" कधी हंपी असते, कधी लडाख, कधी युरोपातली टूर, आणि बरेचदा आपलं कोकण. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. त्यांची उत्तरं एकदा सलग लिहून ठेवते आहे. हे सगळं हातभरतकामापुरतं आहे. क्रोशा आणि लोकरीचं विणकाम यांचं गणित वेगळं.

मला चित्र अजिबात काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. फोटोवरून रेखाटन करायला चित्रकला लागत नाही, ट्रेसिंग पेपर आणि उजेडाची खिडकी पुरते. शिवाय काढणारा हात वेगळा आणि भरणारा वेगळा, ही विभागणी आपल्या देशात जुनीच आहे. हिमाचलातल्या चंब्याचे रुमाल बघा. पहाडी लघुचित्रं काढणारे चितारी कोळशाने बाह्यरेषा आखून द्यायचे आणि बायका त्या रेशमाने भरायच्या, तेही दोन्ही बाजूंनी सारखं दिसणाऱ्या दोरुखा टाक्याने.

तुमचा चितारी म्हणजे तुमचा कॅमेरा. अडचण एवढीच, की त्याला निवड कळत नाही. देवळाबरोबर विजेच्या तारा, पाण्याची बाटली आणि शेजारच्या बाईंची पर्सही तो तितक्याच मन लावून दाखवतो. त्यातलं काय टाकायचं हे ठरवणं म्हणजेच डिझाइन. ज्यांना चित्र उत्तम काढता येतं त्या उलट इथे अडखळतात, कारण त्यांना काहीच सोडवत नाही.

फोनमध्ये हजार फोटो आहेत. त्यातला कोणता निवडायचा?

पहिली चाळणी अशी: फोटो उघडूच नका. गॅलरीत सगळे फोटो नखाएवढे दिसतात ना, तसेच ठेवून नजर फिरवा. त्या आकारातही जो ओळखू येतो, तो पुढे न्या. दुसरी चाळणी: फोनमध्येच तो कृष्णधवल करा. काळे, करडे आणि पांढरे भाग वेगवेगळे उभे राहिले तर भरतकामात जीव येईल. सगळं एकाच करड्या रंगात विरघळलं, तर रंग कितीही सुंदर असोत, सुई त्या चित्राला उठाव देऊ शकणार नाही. फोन नको असेल तर डोळे किलकिले करून बघा, काम तेच होतं.

सूर्यास्ताचा फोटो जवळजवळ प्रत्येकीला भरायचा असतो. माझं मत विचाराल तर सूर्यास्त टाळा. त्यात आकार नसतो, नुसता एकातून दुसऱ्यात वितळत जाणारा रंग असतो, आणि ते वितळणं दोऱ्याने साधायला लांब-आखूड टाक्यावर वर्षानुवर्षांचा हात लागतो. त्याच किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा फोटो असेल तर तो घ्या. होडीला कडा आहे, फळ्या आहेत, दोर आहेत. सुईला धरायला काहीतरी मिळतं.

हंपीचा दगडी रथ, चाकांसकट, चांगला विषय. पूर्ण गोपुर मात्र अवघड. त्यातला एक थर घ्या. बर्फाच्छादित शिखरं सोपी, कारण निम्मं काम कोरं कापडच करतं. गर्दीचा बाजार नको, पण बाजारातली एक टोपली चालेल. आणि सेल्फी कृपा करून नको.

पुढच्या प्रवासात फोटो काढतानाच काय लक्षात ठेवू?

एका विषयाचे तीन फोटो काढा. एक लांबून, सगळं मावेल असा. एक समोरासमोर, फोन सरळ धरून, म्हणजे इमारतीच्या उभ्या कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकणार नाहीत. खाली उभं राहून फोन वर तिरका केला की मनोरे आत कलतात आणि तोच तिरकसपणा पुढे ट्रेसिंगमध्ये येतो. तिसरा अगदी जवळून, पोताचा: जांभ्याची छिद्रं, दरवाजाचे खिळे, कौलांच्या कडा. डिझाइन पहिल्या फोटोवरून होतं, पण टाका कोणता घ्यायचा हे तिसरा फोटो सांगतो.

रंगासाठी पर्समध्ये दोऱ्यांची चार-सहा टोकं ठेवा आणि ती त्या वस्तूजवळ धरून बघा. "भिंत या तपकिरीपेक्षा पिवळट" एवढी नोंद पुरते. अजिंठ्यासारख्या ठिकाणी चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे. तिथले फोटो अंधुक येतात, म्हणून तिथे तर ही वहीतली नोंदच कामाला येते.

फोटोवरून आकृती नेमकी कशी करायची? एकदा पहिल्यापासून सांगा.

एक खरं उदाहरण घेते. वर्गातल्या एका काकूंचा गुहागरकडचा फोटो होता. माहेरचं कौलारू घर, जांभ्याचा चिरा, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन, मागे पोफळी. मे महिना, म्हणून अंगणात ताडपत्रीवर सोलं वाळत घातलेली. शिवाय पडवीला टेकवलेली स्कूटर, छपरावर अर्धवट बांधलेलं निळं प्लास्टिक, आणि आकाशातून जाणाऱ्या तीन तारा.

आधी फोटोची कातरछाट केली. डावीकडचा एक तृतीयांश भाग नुसती झुडपं होता, तो गेला. मग फोटो कृष्णधवल करून, कॉन्ट्रास्ट वाढवून, हव्या त्या मापात साध्या कागदावर छापला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त मोठे आकार काढले: छप्पर, भिंत, वृंदावन, जमीन, झाडांची एकूण रेषा. या पायरीला दाराखिडक्या काढायच्या नाहीत, हात शिवशिवला तरी. पाच-सात आकारांतच चित्र उभं राहत नसेल, तर बारकाव्यांनी ते सावरत नाही.

स्कूटर, प्लास्टिक, तारा गेल्या. इथे काकूंनी विचारलं, "स्कूटर भावाची आहे, ठेवू का?" ठेवायला हरकत नव्हती, पण मग चित्र स्कूटरचं झालं असतं. एवढ्या जुन्या आकारांत एक नवा आकार आला की नजर तिथेच जाते. सोलं मात्र ठेवली, आणि ताडपत्रीची चटई केली. एवढं खोटं चालतं.

मग दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर टाक्यांचा विचार. छपरावर शेकडो कौलं होती. ती सगळी भरली तर छप्पर जाळीसारखं दिसतं. म्हणून पागोळीकडची शेवटची ओळ तेवढी कौलागणिक काढली, आणि वरच्या ओळी म्हणजे एकपदरी देठाच्या टाक्याच्या तिरक्या रेषा, दोन तपकिरी रंगांत, वर जाताना विरळ होत गेलेल्या. भिंतीच्या जांभ्याला छिद्रं असतात, म्हणून तिथे दोन छटांत विखुरलेले गाठीचे टाके. चिऱ्यांमधल्या दर्जा भरल्याच नाहीत. मधे कोरं कापड सोडलं की दर्जा आपोआप दिसते. पोफळींपैकी पुढच्या दोघींच्या झावळ्या नीट भरल्या, मागच्या साऱ्या फिकट हिरव्या धावदोऱ्याने. आकाशाला सुई लावलीच नाही.

राहिली सोलं. ती त्या पूर्ण चित्रातली एकमेव गडद, तीव्र रंगाची जागा. सोलांना रसाची पुटं देत देत वाळवतात, तसा त्यांचा लाल रंग काळपट जांभळ्याकडे जातो. म्हणून एका कडेला लाल, मधे वाइनसारखा, दुसऱ्या कडेला जवळजवळ काळा, अशा खेटून घातलेल्या गाठी. जेमतेम दीड इंचाची जागा असेल. बघणारे आधी तिथेच बोट ठेवतात.

फुलीच्या टाक्यासाठी फोटो टाकला की नमुना देणारी अॅप्स असतात. ती वापरू का?

वापरा, पण ती देतील तो नमुना जसाच्या तसा घेऊ नका. अॅप फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला जवळचा दोरा शोधून देतं. त्यामुळे साठ-सत्तर रंग निघतात आणि कापडभर एकेक सुटी फुली विखुरते: इथे एक करडी, शेजारी एक किंचित वेगळी करडी. भरताना दर फुलीला दोरा बदलायचा, आणि लांबून बघितलं तर फरक शून्य. रंगांची मर्यादा आधीच वीस-पंचवीसवर आणा. मग छापील नमुन्यावर बसून सुट्या फुल्या शेजारच्या रंगात मिसळून टाका. हे एका संध्याकाळचं काम आहे आणि पुढचे कित्येक आठवडे वाचवतं.

अॅपला फोटो देण्याआधी नको ते भाग कापून टाका. नाहीतर तुम्ही रस्त्यावरची होर्डिंगंही इमानेइतबारे भरत बसाल.

आकार किती घ्यायचा, हे कसं ठरवायचं?

मोजदादीच्या भरतकामात साधा गुणाकार आहे. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ चौकोन असतात. ८ बाय ६ इंचांचं चित्र म्हणजे ११२ गुणिले ८४, अर्थात ९,४०८ फुल्या. सवयीच्या हाताने तासाला शंभर-सव्वाशे फुल्या होतात असं धरलं, तरी ऐंशी-नव्वद तासांची बात. तेच चित्र १८ काउंटवर घेतलं तर १४४ गुणिले १०८, म्हणजे १५,५५२.

आता उलट बाजूने विचार करा. चित्रातलं सर्वात महत्त्वाचं बारीक काय आहे? खिडकी असेल, तर तिला किती फुल्या मिळतात? तीन फुल्यांच्या रुंदीत चौकट, गज आणि अंधार हे सगळं बसत नाही. कमानीची गोलाई दिसायला निदान दहा-बारा फुल्या तरी हव्यात. त्या हिशेबाने चित्र वाढवा किंवा फोटोचा तेवढाच भाग घ्या. बहुतेक वेळा दुसरंच बरं.

मोकळ्या भरतकामात, म्हणजे चौकोन न मोजता आखलेल्या रेषेवर भरतो त्यात, असा हिशेब नाही. पहिल्या कामाला तळहाताएवढी रिंग पुरे.

फुलीचा टाका, मोकळं भरतकाम की कशिदा? कशाला काय शोभतं?

फुलीचा टाका सपाट, स्वच्छ रंगांच्या फोटोंना: रंगवलेली घरं, दरवाजे, फरशीचे नमुने, होड्या. मोकळं भरतकाम निसर्गाला, कारण झाडाला चौकोनात बसवलं की ते रुसतं.

कर्नाटकी कशिदा हा इथे फार कमी जणींना आठवतो, आणि खरं तर वास्तूंसाठी त्याच्याइतकं चोख काही नाही. गोपुरं, रथ, पालख्या, तुळशीवृंदावनं, हत्ती, मोर हे त्याचे पिढीजात नमुने. म्हणजे बायकांनी देवळात, जत्रेत पाहिलेलं कापडावर उतरवणं हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचं काम आहे. त्यात छापलेलं काही नसतं, कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि गाठ मारत नाहीत. गवंती म्हणजे जाऊन परत येणारा धावदोरा, मुरगी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, नेगी विणकामासारखा दिसणारा आणि मेंथी म्हणजे फुली. हंपी किंवा बदामीच्या देवळाचा फोटो असेल, तर आलेखाच्या कागदावर शिखराची पायऱ्यांची कड मुरगीने उतरवून बघा. वक्र रेषा सोडून द्यायच्या, सगळं आडवं, उभं आणि तिरकं. गडद इरकली कापडावर पांढऱ्या दोऱ्याने केलं तर फ्रेमची गरजही राहत नाही, ब्लाउजपीस होतो.

रंग कसे जुळवायचे? फोटोसारखे दोरे मिळतच नाहीत.

मिळायला नकोतच. फोनचा कॅमेरा रंग भडक करतो: आकाश निळंशार, भात पोपटी, कौलं नारिंगी. दुपारी काढलेल्या फोटोत गुहागरचं ते छप्पर भगवं आलं होतं, काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "छे, शेवाळाने काळं पडलंय." त्यांच्या आठवणीवर आम्ही दोरा घेतला, फोटोवर नाही.

रंगांची संख्या आधी ठरवा. लहान कामाला आठ ते दहा पुष्कळ. प्रत्येक मोठ्या आकाराला एक गडद, एक मध्यम, एक फिकी छटा. त्यातली मध्यम सर्वात जास्त लागते. लांबचे डोंगर हिरवे असले तरी हवेमुळे निळसर आणि फिके दिसतात, म्हणून मागे जावं तसा हिरव्यातला पिवळा काढून निळा-करडा वाढवा. तोरणा-राजगडाच्या रांगा एकामागे एक दाखवायच्या तर चार निळ्या-करड्या छटा आणि साधा धावदोरा एवढ्यावर काम भागतं, बाकी काहीही लागत नाही.

अधली छटा हवी असेल तर नवी लडी घेण्याआधी मिश्रण करून बघा. भरतकामाचा दोरा सहापदरी असतो. एका रंगाचा एक पदर आणि दुसऱ्याचा एक, असे दोन सुईत ओवले की तिसराच रंग दिसतो. दगड, वाळू, जुनी भिंत यांना हे मिश्रण एकरंगी दोऱ्यापेक्षा सुंदर दिसतं. संगमरवर किंवा निळं आकाश अशा स्वच्छ जागी मात्र ते मळकट दिसतं.

दोरे दिवसा घ्या. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली करडा आणि फिका जांभळा यांत गल्लत होते. दुकानदाराला सांगून लडी दाराशी नेऊन बघा, कोणी नाही म्हणत नाही. मोठ्या आकाराच्या रंगाच्या लड्या एकदम घ्या, कारण त्याच क्रमांकाच्या दोऱ्यात रंगवण्याचा घाणा बदलला की छटा किंचित सरकते. लाल, मरून आणि गडद निळ्याची परीक्षा घ्या: ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून धरा, रंग उतरला तर तो दोरा बाजूला.

आकाश, पाणी, झाडं, माणसं यांना कोणते टाके?

आकाश: शक्यतो कोरं. फारच रिकामं वाटलं तर एकपदरी, लांब लांब, विरळ धावदोरा.

पाणी: आडव्या रेषा, कधीही उभ्या नाहीत. जवळ लांब टाके, दूर जाताना आखूड आणि दाट. चमक दाखवायला पांढरा दोरा भरू नका, मधे कापड मोकळं सोडा. पँगाँगसारखं तळं असेल तर निळ्याच्या तीन पट्ट्या, आणि त्या एकमेकांत सरळ न संपवता टाके विस्कटून.

झाडं: लांबून दिसणारं झाड म्हणजे गाठींचा पुंजका, वरच्या बाजूला फिक्या आणि खालच्या बाजूला गडद गाठी. माडाला गाठी चालत नाहीत; मधला शिरदांडा देठाच्या टाक्याने आणि दोन्हीकडे सुटे सरळ टाके. वडाच्या पारंब्यांना साखळी टाका छान.

दगडी बांधकाम: भरीव टाक्याने पूर्ण भरलं की दगड साटीनसारखा चमकतो. कडा टिपेने घ्या, सावलीची बाजू तेवढी आखूड, वाकड्यातिकड्या टाक्यांनी भरा.

माणसं: पाठमोरी, लांबची, चेहऱ्याविना. डोक्यावर हंडा, अंगावर नऊवारी किंवा छत्री, एवढ्यावरून माणूस कळतो. नाक-डोळे काढायला गेलात की बाहुली होते. घरच्यांचे चेहरे भरायची हौस असेल तर ते वेगळं शास्त्र आहे, प्रवासचित्रात ते घुसवू नका.

कापड कोणतं? आणि त्यावर आकृती कशी उतरवायची?

मोकळ्या भरतकामाला सुती केसमेंट किंवा जरा घट्ट विणीचं मांजरपाट. फुलीच्या टाक्याला मॅटी किंवा चौकटींचं काउंटचं कापड. कोणतंही असो, आधी धुऊन खळ काढा आणि इस्त्री करा. आधी न धुतलेलं कापड भरून झाल्यावर आटतं आणि चित्राला सुरकुत्या पडतात.

फिक्या कापडाखाली आकृती ठेवून खिडकीच्या काचेवर धरली की थेट गिरवता येते. गडद कापडाला पिवळा किंवा पांढरा कार्बन. दादरला ब्लाउजवर नक्षी छापून देणारी दुकानं आहेत, ती तुमचीही आकृती छापून देतात: बटर पेपरवर रेषेबरोबर बारीक भोकं पाडतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली पूड फडक्याने वरून फिरवतात. बारीक, गुंतागुंतीच्या आकृतीला ही पद्धत घरच्या कार्बनपेक्षा सरस.

पेनांच्या बाबतीत दोन इशारे. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर धुण्याआधी इस्त्री फिरवलीत तर रेषा कायमची बसते. उष्णतेने जाणारं पेन याच्या बरोबर उलट, इस्त्रीने गायब होतं. पण कडक थंडीत त्या रेषा परत उमटतात. खरं वाटत नसेल तर चिंधीवर रेघ ओढा, इस्त्री करा आणि चिंधी फ्रीझरमध्ये ठेवा. मुंबईच्या भिंतीवर लावायचं असेल तर बिनघोर वापरा, मनालीच्या मावशीला भेट द्यायचं असेल तर नको.

सामान मुंबईत कुठे मिळेल?

दादर पश्चिमेला स्टेशनच्या आसपास दोरे, रिंगा, सुया, मॅटी सगळं. कापडासाठी मंगळदास मार्केट, पण रविवारी बंद. क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट कागद, पेनं आणि हस्तकलेच्या सामानासाठी, भुलेश्वर मणी-टिकल्या-जरीसाठी. छापील फोटो बरोबर न्या. मोबाईलचा पडदा दुकानाच्या उजेडात वेगळाच रंग दाखवतो.

सुया विसरू नका. १४ काउंटला बोथट टोकाची २४ नंबरची, मोकळ्या कामाला टोकदार भरतकामाची ७ किंवा ८ नंबर.

प्रवास झालेलाच नाही. मुंबईचे फोटो चालतील?

का नाही? लोक इथे विमानाने येऊन जे फोटो काढतात, ते आपण बसमधून रोज बघतो. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक इमारती आणि समोर आर्ट डेको. हा सगळा परिसर २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. भरणाऱ्याच्या नजरेने या दोन बाजूंत मोठा फरक आहे. गॉथिक म्हणजे नुसते बारकावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अख्खं भरायला घेऊ नका, एक खिडकी किंवा दगडात कोरलेला एक प्राणी घ्या. आर्ट डेको मात्र जणू टिपेसाठीच बांधलेलं आहे: सरळ पट्टे, गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरचे छज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची ग्रिलं. १९३८ सालचं इरॉस सिनेमागृह बघा, लाल दगड आणि पिवळसर पांढरा रंग, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा मनोरा. तीन-चार रंगांत संपतं.

बाणगंगेच्या पायऱ्या, ससून डॉकच्या होड्या, गिरगावातल्या चाळीचे लाकडी कठडे हेही आहेच. चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या ठेवा. त्या काढल्या तर चाळ ओसाड वाटते.

इंटरनेटवरचा सुंदर फोटो घेऊन भरला तर?

घरात सरावासाठी भरलात तर कोणी दारात येणार नाही. पण प्रदर्शनात मांडायचं, विकायचं किंवा नमुना म्हणून वाटायचं असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्या. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. खाली नाव लिहिलं म्हणजे परवानगी झाली, असं नाही. टूरमधल्या मैत्रिणीच्या फोटोवरून भरत असाल तर तिलाही विचारा. ती "हो" म्हणेल आणि वर एक स्वतःसाठीही मागेल, ती तयारी ठेवा.

घरचे म्हणतात, फोटोच फ्रेम करून लाव की. एवढा खटाटोप कशाला?

मग लावा फोटो. ज्या फोटोत तुम्हाला काहीही टाकायचं किंवा बदलायचं नाही, तो फोटो म्हणूनच चांगला आहे.

फोटोवरच टाके घालता येतात का?

येतात. जाडसर मॅट कागदावर छापून घ्या, भोकं आधीच सुईने पाडून ठेवा आणि दोन भोकांत निदान दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, नाहीतर कागद तिकिटासारखा फाटतो. एकच गोष्ट भरा, बाकी फोटो तसाच: फक्त साडीचा काठ, फक्त पतंग. सुती कापडावर फोटो छापून त्यावर भरणंही सोपं आहे, मात्र छपाईची शाई पाण्यात टिकते का, ते आधी कोपरा भिजवून बघा.

लोकलमध्ये बसून करता येतं?

फुलीचा टाका येतो, कारण बोथट सुई आणि मोजलेला नमुना. लेडीज डब्यात भाज्या निवडल्या जातात, तिथे चार फुल्यांचं काय कौतुक! एकाच रंगाचा मोठा भाग गाडीसाठी राखून ठेवा, सुया घरूनच ओवून आणा, आणि कात्री छोटी, म्यानात. छटांचं काम, चेहरे, गाठी घरी. विरारची जलद असेल तर काहीच बाहेर काढू नका, हात हलवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

पावसाळ्यात काम खराब होतं. काय करावं?

जून ते सप्टेंबर रिंग कापडावर रात्रभर चढवून ठेवू नका. दमट हवेत धातूचा स्क्रू गंजतो आणि तो गोल डाग जाता जात नाही. सुईही कापडात टोचून ठेवायची नाही, त्याच कारणाने. हाताला घाम येत असेल तर काम सुरू करण्याआधी हात धुऊन जराशी पावडर लावा. अर्धवट काम प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका; जुन्या सुती ओढणीत गुंडाळा आणि जवळ सिलिका जेलची पुडी ठेवा.

फ्रेम करायची तर पावसाळा जाऊ द्या. भरलेलं कापड थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. मग जाड टॉवेलवर उलटं टाकून इस्त्री, म्हणजे गाठी चेपत नाहीत. फ्रेमवाल्याला बजावून सांगा, की काच कापडाला टेकता कामा नये, मधे माउंटच्या पुठ्ठ्याची जागा हवी. काच टेकली की पहिल्याच पावसाळ्यात आत वाफ धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. बाहेरच्या भिंतीवर, जिला ओल येते तिच्यावर, तर टांगूच नका.

मागची बाजू स्वच्छ असायलाच हवी का?

कशिदा असेल तर हो, तिथे मागची बाजू पुढच्याइतकीच मिरवायची असते. बाकी फ्रेममध्ये जाणाऱ्या कामाला दोनच पथ्यं: जाड गाठी नकोत, कारण माउंटवर ताणलं की त्या पुढून टेंगळासारख्या दिसतात, आणि गडद दोरा कोऱ्या आकाशामागून ओढत नेऊ नका, पुढून त्याची सावली दिसते. दोरा तोडा, नवीन सुरू करा. सासूबाई उलटं करून बघतीलच, त्याला इलाज नाही.